‘सौ.’चा खिळा आणि शाई लागलेला पोळपाट : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात माझ्या ‘केस’ या मांडणशिल्पाची ओळख छापून आली आणि संपादकांकडे पत्रांचा गठ्ठा जमला. ज्यांच्या हाती तो अंक पडला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कोल्हापुरात आमचा लग्नपत्रिकांचा छापखाना होता. तो बंद पडला, आणि त्याच पत्र्याच्या शेडमध्ये मी आता मुद्राचित्रं, म्हणजे छाप घेऊन काढायची चित्रं, करते. ‘केस’मध्ये खोलीभर दोऱ्या बांधून ३१ पोळपाटांचे ठसे धुणं वाळत घातल्यासारखे टांगलेत. खाली जमिनीवर छापखान्यातली जुनी लाकडी केस, म्हणजे खिळे (छपाईची शिशाची सुटी अक्षरं) ठेवायचा खणाखणांचा ट्रे. तिच्यात फक्त नावाआधी लागणारे शब्द आहेत : कु., चि. सौ. कां., सौ., श्रीमती, गं. भा. आणि श्री. बघायला येणाऱ्यानं एक शब्द उचलायचा, शाईच्या पॅडवर दाबायचा, चिठ्ठीवर उठवायचा, पुढं आपलं नाव लिहायचं आणि चिमट्यानं चिठ्ठी दोरीला लावायची. केस म्हणजे खिळ्यांची केस, डोक्यावरचे केस आणि कोर्टातली केस. ज्याला जी लागेल ती.

पत्रं पाठवणाऱ्यांची नावं गाळली आहेत, गावं ठेवली आहेत.

“मी नावाआधी ‘सौ.’ लावते आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही. तुमच्या त्या ट्रेमध्ये ‘सौ.’चा खिळा ‘गं. भा.’च्या शेजारी पाहून मला अपमान झाल्यासारखं वाटलं. तुम्हाला आमच्या ‘सौ.’चं एवढं वावडं का?”
— निवृत्त शिक्षिका, इचलकरंजी

शिक्षिका म्हटल्यावर मी तुम्हाला बाईच म्हणणार. बाई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुमचा ‘सौ.’ काढून घ्यावा असं माझ्या मनात कधीच नव्हतं. आणि तो शेजार मी लावलेला नाही. वडिलांच्या छापखान्यात तो होताच, फक्त तिथं मधे एक फळी होती.

वडील कंपोझिटर, म्हणजे खिळे जुळवणारे. पुढं छोटी ट्रेडल, म्हणजे पायानं चालवायचं छपाईयंत्र, घेऊन स्वतःचा धंदा टाकला. तुळशीचं लग्न लागलं की आमचा सीझन. जे शब्द सारखे लागतात ते वडील दर वेळी नव्यानं जुळवत नसत. सुतळीनं बांधून तयार ठेवत : ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’, ‘चि. सौ. कां.’, ‘सौ. व श्री.’. निमंत्रकांच्या यादीत प्रत्येक ओळ ‘सौ. व श्री.’नंच सुरू व्हायची, एकेका पत्रिकेत वीस-वीस ओळी. त्यामुळं ऐन सीझनला ते संपायचे. मग वडील आतल्या खोलीकडं तोंड करून ओरडायचे, “अगं, सौ. संपल्या!” आणि आई स्वयंपाकघरातून म्हणायची, “मी आहे अजून.” हा विनोद दरवर्षी व्हायचा आणि दरवर्षी ट्रेडल चालवणारा माणूस हसायचा.

‘गं. भा.’चा बांधलेला मजकूर निराळ्या खणात असे, काळ्या किनारीच्या पट्ट्यांबरोबर. तेराव्याच्या कार्डांचं सामान ते. लग्नाच्या कार्डाला त्या खणात हात घालायची वेळच यायची नाही. विधवा बाईचं नाव निमंत्रकांत घालायचं नाही असा नियम काही भिंतीवर टांगलेला नव्हता. गिऱ्हाईक हातानं लिहिलेली यादी आणायचं, त्या यादीतच ते नाव नसायचं. वडील यादीप्रमाणं जुळवायचे. कुणी कुणाला काही बोललं नाही, म्हणून कुणी काही केलं असं वाटलंही नाही.

वडील १९९१ साली गेले. दोन वर्षांनी भावाचं लग्न ठरलं. पत्रिका अर्थातच आमच्याच छापखान्यात. आमच्या जुन्या कंपोझिटरनं मजकूर जुळवला. भला माणूस, आईला अन्नपूर्णा म्हणायचा. त्यानं पहिल्या ओळीत काका-काकूंना बसवलं आणि त्यांच्याखाली बाकीचे नातेवाईक. आईचं नाव कुठंच नाही. गॅली, म्हणजे जुळवलेल्या खिळ्यांचा ट्रे, आईपुढं आणली. आईला उलटे खिळे सरळ अक्षरांसारखे वाचता यायचे. पंचवीस वर्षं कार्डांच्या घड्या घालता घालता शिकली होती. तिनं बोट ठेवून वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं आणि म्हणाली, “जाऊबाईंच्या नावात वेलांटी दुसरी पाहिजे.” चिमट्यानं ऱ्हस्व उचलून तिनं स्वतः दीर्घ बसवली. पत्रिका छापून आल्यावर कोपऱ्यांना हळदकुंकू लावायला भाचीला बसवलं. आजवर ते काम आईचं होतं.

मी तेव्हा कॉलेजात एचिंग, म्हणजे धातूच्या प्लेटवर ॲसिडनं रेषा खोदून छाप घेणं, शिकत होते. बाईवरचा जुलूम वगैरे विषयांवर मोठमोठ्या प्लेटी करत होते, आणि गॅलीसमोर उभी असून मला त्यातलं काही दिसलं नाही. दिसायला आणखी वीस वर्षं लागली. म्हणून आता मी त्या विषयावर चित्र काढत नाही. खिळाच पुढं ठेवते.

तुम्ही राहता तिथून जवळच आहे हेरवाड, शिरोळ तालुक्यातलं. तिथल्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र नि जोडवी काढणं बंद करायचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या गावांना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. पुढच्याच वर्षी विधवांच्या नावाआधी ‘गं. भा.’ लावावं अशी सूचना सरकारी पातळीवरून आली आणि एकच गदारोळ झाला. एक खिळा खणातून बाहेर निघाला की दुसरा कुणीतरी आत ठेवायला बघतं. हे सगळं चालू असताना पुरुषांच्या खणात मात्र, पत्रिकेतला ‘चि.’ सोडला तर, मिसरूड फुटल्यापासून स्मशानापर्यंत एकटा ‘श्री.’ आणि नंतर ‘कै.’. बाई नवऱ्याआधी गेली तर तिला ‘कै. सौ.’. मेल्यावरही आपण हिशेब पुरा ठेवतो.

प्रदर्शनात पुरुष येतात, केसमध्ये बघतात आणि विचारतात, “आमच्यासाठी एकच?” एका दुपारी सत्तरीच्या आजी आल्या. बराच वेळ खिळे हातात घेऊन वजन केल्यासारखं करत होत्या. शेवटी त्यांनी ‘कु.’ उचलला आणि पुढं माहेरचं नाव लिहिलं. आडनावाचं स्पेलिंग नातीला विचारलं, म्हणाल्या, आता आठवत नाही नीट.

तुमची ‘सौ.’ची चिठ्ठी दोरीवर आहे, बाई. खिडकीपासून तिसरी.

“मुलगी आर्टच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत आली आणि माझ्या सासूबाईंच्या सागवानी पोळपाटाला काळी शाई फासून त्याचे कागदावर छाप घेतले. म्हणे तुमचा लेख वाचून. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. हे कलेत कसं बसतं ते निदान मला तरी समजावून सांगा. आणि शाई निघते का?”
— गृहिणी, चिपळूण

आधी शाई. खाण्याचं गोडंतेल चोळा, चिंधीनं पुसा, मग भांड्याच्या साबणानं घासा. दिसायला निघेल. पण लाकूड शाई पितं, त्यामुळं त्या पोळपाटावर परत पोळी लाटू नका. सासूबाईंना माझ्याकडून नवा घेऊन द्या. लेकीला माझ्याकडून ओरडा, कारण विचारल्याशिवाय वस्तू घ्यायची नाही हा आमच्या धंद्यातला पहिला नियम आहे. ‘केस’मधल्या ३१ पोळपाटांपैकी प्रत्येकाची मालकीण मला माहीत आहे आणि प्रत्येकीला बदली पोळपाट दिलेला आहे. आणखी सहा जणींनी नाही म्हटलं, ते पोळपाट मी परत केले.

आता कलेचं. तुम्ही तो छाप बघितलात का? रागानं नव्हे, नुसता बघितलात का? वापरलेल्या पोळपाटावर रोलर फिरवला की कडा काळ्याभोर होतात आणि मधे शाई लागतच नाही. कारण मधे पोळपाट झिजून बशीसारखा झालेला असतो. डोळ्याला हे दिसत नाही, बोटालाही धड कळत नाही, रोलरला कळतं. ठशात मधोमध पांढरा चंद्र उमटतो. नव्या पोळपाटाला चंद्र नसतो. माझ्या आईच्या पोळपाटाचा चंद्र उजवीकडं सरकलेला आहे, कारण तिचा डावा खांदा आखडलेला होता आणि ती तिरकी बसून लाटायची. हे मला तिच्या हयातीत माहीत नव्हतं. चित्र काढायला बसले असते तर मी पोळपाट गोल आणि सपाट काढला असता.

लेकीला सांगा, मधला भाग छापायचाच असेल तर कापडाचा बोळा करून शाई टिपायची, पातळ नेपाळी कागद अंथरायचा आणि डावाच्या पाठीनं हळूहळू घासायचा. मशीन लागत नाही. त्याआधी लाकूड धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यानं पुसून सावलीत चार दिवस वाळवायचं. वर्षानुवर्षांचं तेल आणि पीठ लाकडात मुरलेलं असतं, त्यावर शाई धरत नाही. लाटण्याचा छाप घ्यायचा तर ते कागदावर फक्त एकदा फिरवायचं. चार सेंटिमीटर जाडीचं लाटणं एका फेरीत साडेबारा सेंटिमीटरची पट्टी देतं, पुढं शाई फिकी पडते. एक पोळी म्हणजे किती फेऱ्या ते तिनं आजीलाच विचारावं. आजी तेवढ्यानं बोलायला लागतील कदाचित.

ही काही तुमच्या मुलीची किंवा माझी टूम नाही. लॉस एंजेलिसची कृष्णवर्णीय कलावंत बेटी सार, जन्म १९२६, मुळात मुद्राचित्रकार. १९६९ साली तिनं एक जुनी लाकडी खिडकी घेतली आणि तिच्या तावदानांत आपले ठसे बसवले. तिथून ती कागदावरून वस्तूंकडं वळली. १९९८ मध्ये तिनं एक जुनं इस्त्रीचं टेबल उभं केलं. टेबलाच्या पाटावर आफ्रिकेतून गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजाचा प्रसिद्ध नकाशा छापलेला, माणसं पट्ट्यांसारखी ओळीनं रचलेली. शेजारी इस्त्री, साखळीनं टेबलाला बांधलेली. मागं दोरीवर पांढरी चादर, कडक धुतलेली, आणि तिच्या कोपऱ्यावर कु क्लक्स क्लॅन या कृष्णवर्णीयांवर हल्ले करणाऱ्या गोऱ्यांच्या टोळीची आद्याक्षरं भरतकामानं विणलेली. गोऱ्या मालकाचं पांघरूण कुणी धुतलं नि कुणी इस्त्री केलं, ते तिनं एका शब्दानं सांगितलेलं नाही. टेबल, इस्त्री, चादर. झालं.

जवळचं उदाहरण हवं तर मुंबईच्या रुमाना हुसेन. १९५२ ते १९९९, आयुष्य थोडंच लाभलं. बाबरी पडल्यानंतर झालेल्या दंगलींनी त्यांचं काम बदलून गेलं. फुटलेली मडकी, गेरू, नीळ, घरातल्या वस्तू हे त्यांचं साहित्य झालं. १९९५ मध्ये मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात त्या पायात घुंगरू बांधून, हातात अर्धी कापलेली पपई धरून, तोंड उघडं ठेवून नुसत्या चालल्या. आवाज नाही. त्या पपईबद्दल लोकांनी पुष्कळ लिहिलंय. मला विचाराल तर पपई कापून बघावी. कापल्यावर ती काय दिसते ते कुठल्याही बाईला सांगायला लागत नाही.

आणि नवज्योत अल्ताफ. शिकल्या मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयात, राहणार मुंबईच्या, पण नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून काम बस्तरमध्ये, कोंडागावच्या आदिवासी कलाकारांबरोबर. त्यांनी मिळून हातपंपांभोवती ‘नलपार’ बांधले. हंडा भरून झाला की तो डोक्यावर घेण्याआधी टेकवायला मधल्या उंचीचा ओटा, कंबर वाकवून उचलावं लागू नये म्हणून. त्याला शिल्प म्हणा नाहीतर नळकोंडाळं म्हणा. पाणी भरणं बाईचं काम, यावर कुणी भाषण केलं नाही. हंडा टेकवायची जागा केली.

तुमच्या सासूबाईंचा राग मात्र मला पटतो. त्यांच्या लेखी तो पोळपाट अजून कामावर होता.

“मी नागपूरला प्रिंटमेकिंग शिकतो. वडिलांचा इस्त्रीचा ठेला आहे. बाई आणि पुरुषाच्या कामावर काहीतरी करायचं आहे, पण वर्गात म्हणतात हा मुलींचा विषय, मुलानं केला तर नाटकी वाटेल. खरं आहे का?”
— विद्यार्थी, नागपूर

तुझ्या घरी इस्त्रीचा ठेला आहे आणि तू मला हे विचारतोस?

विली कोल नावाचा कलावंत आहे, न्यू जर्सीचा, कृष्णवर्णीय. त्याच्या घराण्यातल्या बायकांनी लोकांच्या घरी धुणीभांडी आणि इस्त्री केली. त्यानं आधी गरम इस्त्रीचे करपलेले डाग हेच चित्र मानून काम केलं. मग २०१२ साली त्यानं इस्त्रीची जुनी पत्र्याची टेबलं घेतली, पाय काढले, हातोडीनं ठोकून ठोकून सपाट केली, एचिंगच्या प्लेटसारखी शाई भरली आणि प्रेसमधून काढली. कागदावर उमटलं ते इस्त्रीचं टेबल आहे असं पहिल्यांदा वाटतच नाही. उभी थडगी वाटतात, किंवा उभ्या बायका. ठोके, पोचे, ओरखडे, वाफेची भोकं, सगळं त्यांच्या अंगावर. प्रत्येकीला त्यानं नाव दिलं, आजीच्या पिढीतल्या कामवाल्या बायकांना शोभेल असं : सॅव्हाना, डॉट, फॅनी मे, क्वीन, ॲना मे. ‘ब्यूटीज’ म्हणतो तो त्यांना. नाटकी वाटतं का सांग.

तुझ्याच गावचे सवी सावरकरही बघ. अस्पृश्याच्या गळ्यातलं मडकं, पाठीचा झाडू, देवदासी, हे एचिंगमध्ये इतक्या जाड, रागीट रेषेनं दुसऱ्या कुणी आणलेलं मला माहीत नाही.

आणि आता तुझ्या ठेल्याकडं ये. टेबलावर जी चादर नि खाली घोंगडी अंथरलेली असते, ती कधी उलगडून पाहिलीस? वडील जिथं इस्त्री टेकवतात तिथं पिवळा, मग तांबूस, मग काळा होत गेलेला त्रिकोण असतो. तो ठसाच आहे. कदाचित तुझ्या वयाइतका जुना असेल. घरी इस्त्री कोण करतं ते मी विचारत नाही, तू स्वतःला विचार. वडील रस्त्यावर दिवसाचे शंभर शर्ट करतात आणि त्यांचा स्वतःचा शर्ट घरी आई करते, असं निघालं तर दोन्ही कापडं शेजारी लाव. निघालं नाही तर जे निघेल ते लाव. विषय मुलींचा की मुलांचा हे ठरवण्यात सेमिस्टर घालवू नको.

“छापील चित्रांनी बाईचं रूप ठरवून टाकलं, असं तुम्ही मुलाखतीत म्हणालात. जरा उलगडून सांगाल?”
— लोणावळा

तुम्ही तर त्या गोष्टीच्या शेजारीच राहता. राजा रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि काही वर्षांतच तो तुमच्या मळवलीला हलवला. पुढं फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञानं तो विकत घेऊन चालवला. शिळाछाप, एकेका रंगाला वेगळा दगड. पुण्यात चित्रशाळा प्रेस त्याच्याही आधी, १८७८ पासून. आपल्या आज्यांच्या भिंतीवरची लक्ष्मी, सरस्वती, दमयंती या दगडांवरून उतरल्या. गोऱ्या, भरल्या अंगाच्या, साडीचा काठ जिथल्या तिथं. हजारो घरांत तोच एक चेहरा गेला, आणि मुलगी बघायला आलेली माणसं तो चेहरा डोक्यात घेऊन यायला लागली. हे शेवटचं माझं मत आहे, पुरावा मागू नका.

पण या गोष्टीची दुसरी बाजू मला जास्त आवडते. पुष्कळ घरांत बायकांनी त्या छापील लक्ष्मीला जरतार लावली, टिकल्या चिकटवल्या, खऱ्या कापडाची साडी नेसवली, मोती ओवले. जुन्या बाजारात अशी चित्रं अजून सापडतात. माझ्याकडं एक आहे. तिच्या पदराला खऱ्या लुगड्याचा तुकडा आहे आणि तो शिवताना कागद फाटला तिथं मागून लग्नपत्रिकेची पट्टी डकवलेली आहे. कॉलेजात मिश्रमाध्यम शिकवायला मी हेच चित्र नेते. सही नाही, तारीख नाही.

“घरी तासगावला द्राक्षबाग आहे. मला घरीच एचिंग करायचंय. सर म्हणतात ॲसिडचं आणि जड प्लेटीचं काम मुलींना झेपत नाही, लिनोकट कर. काय करू?”
— विद्यार्थिनी, तासगाव

लिनोकट, म्हणजे लिनोलियमवर कोरून छापणं, चांगलाच आहे, पण ‘झेपत नाही’ म्हणून करू नको. अनुपम सूद यांच्या प्लेटी बघ. होशियारपूरचा जन्म, १९४४ चा. दिल्लीच्या कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकल्या, १९७१-७२ मध्ये लंडनच्या स्लेड कलाशाळेत गेल्या, परत येऊन दिल्लीतच मुद्राचित्रण शिकवलं. जस्ताच्या मोठमोठ्या प्लेटींवर त्यांनी उघडी शरीरं कोरली. बायकांचीही आणि पुरुषांचीही, सारख्याच निर्विकारपणे. ‘डायलॉग’ नावाच्या चित्रांत दोन माणसं नुसती शेजारी बसलेली असतात. कातडीवर जो दाणेदार अंधार आहे तो राळेच्या भुकटीतून येतो, त्याला ॲक्वाटिंट म्हणतात. जस्त काय, ॲसिड काय, त्यांना विचारत बसलं नाही की कुणाचा हात आहे.

ॲसिडची भीती मात्र खोटी नाही. नायट्रिकचा तपकिरी धूर फुप्फुसाला बाई-पुरुष दोघांच्या सारखाच वाईट. आमच्या कॉलेजात तो बंद खोलीत वापरत आणि खिडकी उघडा म्हटलं की हसत. तुझ्याकडं त्याहून बरं औषध आहे, बागेच्या शेडमध्ये : मोरचूद, म्हणजे तांब्याचं निळं मीठ. बाबा वेलींवर फवारायला बोर्डो मिश्रण करतात ना? जस्ताच्या प्लेटला मोरचूद आणि साधं मीठ, वजनाला सारखं, पाण्यात विरघळवून चालतं. तो विषारी तपकिरी धूर होत नाही. प्लेटवर तांब्याचा तांबडा गाळ चढतो, तो मऊ ब्रशनं झाडत राहायचा. निळा रंग उतरला की पाणी संपलं. टब प्लॅस्टिकचा घे, हातमोजे घाल, काम उघड्यावर कर, स्वयंपाकाचं भांडं चुकूनही वापरू नको. तांब्याच्या प्लेटला हे लागू नाही, तिला फेरिक क्लोराइड. उरलेलं पाणी बागेत किंवा मोरीत ओतायचं नाही. धुण्याचा सोडा घालून गाळ खाली बसू दे आणि तो वेगळा साठव.

प्लेट जड लागली तर लहान कापून घे. सरांनाही जड लागते, ते सांगत नाहीत.

“तुमच्या एका ठशाची किंमत अडीच हजार ऐकली. छापलेल्याच वस्तूला एवढे पैसे का?”
— पुणे

कारण पत्रिका हजार निघायच्या आणि माझे ठसे बारा निघतात. खाली पेन्सिलनं ४/१२ लिहिलेलं असतं ते म्हणजे बारातला चौथा. बारा झाले की लाकडावर आडवी चीर मारते, मग तेरावा निघाला तर चीर दिसेल.  एका प्रदर्शनवाल्यांनी मला सुचवलं होतं की चीर मारू नका, मागणी आली तर बघू. त्यांच्याकडं मी परत गेले नाही. पुण्याचे आहात म्हणून सांगते, घासाघीस चालत नाही.

“वय ६३, मनगट दुखतं. तुमच्या रविवारच्या वर्गाला आले तर चालेल का? चित्रकला येत नाही.”
— मिरज

या. चित्रकला लागत नाही. मनगट दुखत असेल तर डावानं घासायचं काम शेजारचीला द्या, तुम्ही शाई टिपा. शाईला ताकद लागत नाही, नजर लागते. जुना सुती कपडा घालून या, डाग जात नाहीत.

येताना घरचा पोळपाट आणा, वापरातला नको, माळ्यावर टाकलेला. तडा गेला असेल तर उत्तमच, तडा फार सुंदर छापतो. कुणाचा होता ते मागच्या बाजूला खडूनं लिहून आणा. नावाआधी काय लावायचं ते इथं आल्यावर ठरवू. केस उघडीच असते.